हवाई छायाचित्रं वाचणारं कार्यालय पुण्यात उभं करताना

पुण्यात ड्रोन उडवून फोटो काढून देणारे आता सहज मिळतात. पण ते फोटो टेबलावर घेऊन ‘गेल्या खेपेपासून इथे काय बदललं, किती बदललं, आणि त्याचा अर्थ काय’ हे लेखी आणि वेळेत सांगणारी माणसं फार थोडी आहेत. अशा कामासाठी छोटं कार्यालय थाटू पाहणाऱ्या नवख्यांसाठी हा लेख आहे. हे काम युद्धकाळात लष्करांनी घडवलं, आणि त्याची शिस्तही तिथूनच आली. आज तीच शिस्त नदीपात्रातला भराव, दरडीचे उतार, पुरात अडकलेल्या वस्त्या, खाणींचे खड्डे यांच्यासाठी हवी आहे. मी इथे फक्त नागरी कामाबद्दल लिहितोय. लष्करी टेहळणी सैन्यदलांची, आणि पुण्यासारख्या शहरात ती हद्द आपण कसोशीनं पाळायची.

सुरुवात प्रश्नापासून

कॉम्प्युटर कुठला घ्यावा हे विचारत बहुतेकजण येतात. माझं सांगणं असतं की आधी तीन गिऱ्हाइकं आणि त्यांचे तीन प्रश्न कागदावर लिहा. ‘नदीचे फोटो हवेत’ हा प्रश्न होत नाही. ‘एकतानगरीपासून राजाराम पुलापर्यंत मुठेच्या पात्रात गेल्या मेनंतर कुठे भराव पडला आणि त्यानं पात्र किती अरुंद झालं’ हा प्रश्न आहे. तो नीट मांडला की उड्डाण किती उंचीवरून करायचं, कोणत्या महिन्यात, किती वाजता, फोटोंचा जुना कोणता संच तुलनेला लागेल, हे सगळं त्यातूनच ठरतं.

प्रश्नाचं बळ किती असतं आणि तो किती आंधळं करू शकतो, हे दाखवणारं एक उदाहरण प्रत्येक नव्या वाचकाला, म्हणजे फोटो वाचणाऱ्याला, मी सांगतो. ४ एप्रिल १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांच्या टेहळणी विमानानं पोलंडमधल्या मोनोविट्झच्या रासायनिक कारखान्याचे फोटो काढले. त्याच फेरीत शेजारची ऑशविट्झची छळछावणीही फिल्मवर उतरली. वाचकांना कारखाना शोधायला सांगितलं होतं; त्यांनी कारखाना शोधला, त्याच्या इमारती मोजल्या आणि फिल्म कपाटात गेली. ती छावणी म्हणून त्या फोटोंचं बारकाईनं वाचन झालं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीला, डिनो ब्रुगिओनी आणि रॉबर्ट पॉइरियर या सीआयएच्या दोन विश्लेषकांच्या हातून. फोटोत सगळं होतं. विचारलं मात्र कोणी नव्हतं.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पानावर, आणि न विचारलेलं पण नजरेला खटकलेलं सगळं शेवटच्या पानावर ‘इतर निरीक्षणं’ या मथळ्याखाली. हे पान कोरं ठेवून दिलेला अहवाल मी परत पाठवतो. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ही सवय लावा.

कायदा आणि परवानग्या

हे आधी उरकून घ्या, कारण पुण्यात इथेच गाडी अडते. ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. त्यात ड्रोनचे वजनावर पाच वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. ड्रोनला नोंदणीचा विशिष्ट क्रमांक लागतो, आणि व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत; हिरव्यात उड्डाणाआधी परवानगी लागत नाही, बाकी दोन्हींत लागते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा विभाग धरला जातो, त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत. आता नकाशावर लोहगाव विमानतळाभोवती १२ किलोमीटरची रेघ ओढून पाहा. पुण्याचा मोठा भाग आत येतो. लोहगाव हवाईदलाचा तळ आहे, तेव्हा परवानगीही त्याच गांभीर्यानं मागायची.

शिवाय खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा, खडकीचा दारूगोळा कारखाना, दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, कॅम्पातलं दक्षिण कमांडचं मुख्यालय. पुण्यात कुठेही उभे राहा, लष्करी भिंत फार दूर नसते. प्रत्येक उड्डाणाआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा विभागांचा नकाशा त्याच दिवशी पाहा. महिन्यापूर्वी पाहिलेला चालत नाही. पोलीस आयुक्तालयाचे मनाईहुकूमही अधूनमधून निघतात, म्हणून स्थानिक ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. कडेच्या एखाद्या फोटोत संरक्षण खात्याची हद्द आलीच, तर तो भाग वाचायचा नाही, मोजायचा नाही, गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. संच ताब्यात घेणाऱ्यानं पहिल्याच चाळणीत तो झाकायचा आणि तशी नोंद करायची.

दुसरा भाग नकाशांचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं भू-स्थानिक माहितीसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधीच्या बऱ्याच परवानग्या गेल्या आणि त्यांच्या जागी स्वतः प्रमाणित करण्याची जबाबदारी आली. आडव्या अंतरात १ मीटर आणि उंचीत ३ मीटर ही सीमा आहे. तिच्याहून बारीक माहिती भारतीय संस्थेकडेच असली पाहिजे, आणि ती भारतातच साठवली आणि हाताळली गेली पाहिजे. ड्रोनचा जवळपास प्रत्येक फोटो या सीमेच्या आत येतो. परदेशातल्या सर्व्हरवर फोटो चढवून ‘झटपट नकाशा’ करून देणाऱ्या सेवा स्वस्त दिसतात, पण त्या वाटेला जाऊ नका.

बाकीचं कागदपत्र नेहमीचंच. एवढ्या छोट्या कार्यालयाला शॉप ॲक्टखाली ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी, व्यवसाय कर, सेवेची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी. निवासी सोसायटीत जागा घेणार असाल तर ना-हरकत पत्र आधी हातात घ्या.

ड्रोन विकत घ्यायचा का?

माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष घेऊ नका. उड्डाण हे वेगळं कौशल्य आहे आणि ते प्रमाणपत्रधारक वैमानिकाकडून करून घेता येतं. तुमचं भांडवल माणसांच्या डोळ्यांत आणि जुन्या संचांच्या साठ्यात घाला. स्वतःचा ड्रोन असला की तो सारखा उडवावासा वाटतो. फोटो ढिगानं साठतात आणि वाचन मागे पडतं.

जागा, वीज, यंत्रं

१९६२ मध्ये क्युबातली रशियन क्षेपणास्त्रं ज्या अमेरिकी केंद्रानं फोटोंतून शोधली, ते वॉशिंग्टनमध्ये एका मोटारविक्रीच्या दुकानावरच्या मजल्यांवर होतं. तेव्हा काचेच्या इमारतीची हौस ठेवू नका. दोन खोल्या पुरतात. एकीत यंत्रं आणि साठा, दुसरीत वाचन. वाचनाच्या खोलीत पडद्यावर थेट ऊन येता कामा नये, भिंती फिक्या राखाडी असाव्यात आणि दिवा दिवसभर एकाच रंगाचा असावा, नाहीतर सकाळी पाहिलेली मातीची छटा संध्याकाळी वेगळी भासते. तळघर किंवा ओढ्याकाठचा तळमजला घेऊ नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं हे पुण्याला ठाऊक आहे. पुराचं काम करणारं कार्यालयच पुरात गेलं, तर ज्या दिवशी तुमची सर्वांत जास्त गरज त्याच दिवशी तुम्ही बंद. शिवाजीनगर, मॉडेल कॉलनी, डेक्कनचा वरचा भाग सोयीचा, कारण महापालिका आणि बरीचशी सरकारी कार्यालयं स्कूटरच्या टप्प्यात येतात, आणि भूगोलाचे विद्यार्थीही.

यंत्राचा अंदाज फोटोंच्या संख्येवरून काढा. एक हिशेब करून दाखवतो. एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेल कॅमेरा, लेन्सचं नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर, पिक्सेल २.४ मायक्रॉन. १०० मीटर उंचीवरून जमिनीवरचा एक पिक्सेल सुमारे २.७ सेंटिमीटरचा पडतो. एक फोटो साधारण १५० बाय १०० मीटर जमीन व्यापतो. उड्डाणाच्या दिशेनं ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के आच्छादन (लगतच्या फोटोंत सामाईक येणारा भाग) ठेवलं, तर एका चौरस किलोमीटरला साधारण अकराशे फोटो लागतात, म्हणजे दहा जीबीच्या आसपास. त्यातून तयार होणारं पृष्ठभागाचं प्रारूप, जोडचित्र (सगळे फोटो शिवून केलेलं एकच चित्र), मधल्या फायली धरल्या तर याच्या कितीतरी पट जागा. म्हणून ६४ जीबी रॅम, चांगलं ग्राफिक्स कार्ड, कामासाठी जलद एसएसडी आणि साठ्यासाठी वेगळ्या डिस्क. सॉफ्टवेअर म्हणून सुरुवातीला फोटो शिवणारं ओपनड्रोनमॅप आणि नकाशे हाताळणारं क्यूजीआयएस ही दोन मोफत साधनं घ्या. पैसे देऊन घ्यायची साधनं कुठे उपयोगी पडतात ते सहा महिन्यांत तुमचं तुम्हालाच कळेल.

विजेचं विसरू नका. प्रक्रिया दहा-बारा तास चालते आणि मधेच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. यूपीएस घ्या, आणि गुरुवारी महावितरणची देखभाल आपल्या भागात आहे का ते आदल्या दिवशी पाहून मगच रात्रीची प्रक्रिया लावा.

माणसं

तीन जण किमान. एक प्रक्रिया करणारा आणि दोन वाचणारे. दोन वाचक ही चैन समजू नका. त्याचं कारण पुढे येईल. विद्यापीठाच्या भूगोल विभागातून, भू-माहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून शिकलेली मुलं पुण्यात मिळतात. त्यांच्या जोडीला एखादे निवृत्त तलाठी, भूमापक किंवा भारतीय सर्वेक्षण विभागात काम केलेले कोणी अर्धवेळ मिळाले तर हात जोडून आणा. बांधाचा दगड, चराईचं रान, ओढ्याचं जुनं पात्र हे ज्यांनी पायांनी पाहिलंय, त्यांना वरूनही लवकर ओळखता येतं.

निवडताना डोळ्यांची तपासणी करून घ्या. रंगांधळेपणा आहे का, आणि दोन डोळ्यांनी खोली जाणवते का. काहींना दोन फोटो एकत्र पाहून उठाव दिसतच नाही. हा त्यांचा दोष नाही, पण ते काम त्यांना देऊ नये. मग उमेदवाराला त्याच्याच मोहल्ल्याचा हवाई फोटो नाव न सांगता द्या आणि काय दिसतं ते लिहायला सांगा. जो पटकन ‘हे आमचं सहकारनगर’ म्हणतो त्याच्यापेक्षा जो ‘पाण्याच्या टाक्यांची छाया डावीकडे आहे, म्हणजे सकाळ असावी’ असं लिहितो तो मला जास्त आवडतो. वाचकाला पाऊण तासानं खुर्चीतून उठवा. थकलेल्या डोळ्याला जे हवं असतं तेच दिसायला लागतं.

उड्डाणाची मागणी कशी लिहावी

वैमानिकाला तोंडी सांगू नका. एका पानावर प्रश्न, क्षेत्राची हद्द, जमिनीवरचा पिक्सेल किती हवा, आच्छादन, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचा कोन लिहून द्या. सर्वांत लहान जी वस्तू ओळखायची आहे, तिच्या रुंदीत निदान पाच-सहा पिक्सेल बसतील असं पाहा. भेग शोधायची असेल तर खाली यावं लागेल, शेताची पिकं पाहायची असतील तर वर जाता येईल.

वेळ फार महत्त्वाची. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. त्या वेळच्या फोटोत उंची कळत नाही. भिंत आणि रेघ सारखीच दिसते. डिसेंबरात दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश चढतो, त्यामुळे दहा मीटर उंच इमारतीची सावली नऊ मीटर पडते, आणि सावली मोजून उंची काढता येते. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या थोडा पुढे, बाराला नाही, हेही हिशेबात धरा. उठाव पाहायचा असेल तर साडेनऊ-दहाचं ऊन, आणि रंग-छटा पाहायच्या असतील तर मध्यान्हाच्या आसपास, असा माझा ढोबळ नियम. पाऊस आणि वाऱ्यासाठी शिमला ऑफिसचा, म्हणजे पुण्यातल्या हवामान खात्याचा, त्या दिवसाचा अंदाज पाहिल्याशिवाय गाडी काढू नका.

जमिनीवरच्या नियंत्रण खुणांबाबत, म्हणजे ज्यांची जागा आधीच अचूक मोजली आहे अशा खुणांबाबत, कसूर करू नका. काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या पाच तरी खुणा, चार कोपऱ्यांत आणि एक मध्यावर, आणि शिवाय दोन-तीन खुणा फक्त पडताळणीसाठी राखून ठेवलेल्या. पुण्याचं काम यूटीएमच्या (नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर विभागात करा. इथे नवख्यांना हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. उपग्रहांवरून येणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. पाटबंधारे खात्याची उंची समुद्रसपाटीपासूनची. पुण्यात या दोहोंत साठ मीटरांहून जास्त फरक आहे. एवढा मोठा फरक लगेच लक्षात येतो. खरी अडचण येते ती दुरुस्तीसाठी चुकीचं प्रारूप वापरल्यामुळे शिल्लक राहणाऱ्या अर्ध्या-एक मीटरची. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्या कामात अर्धा मीटर म्हणजे काही वेळा अख्खी सोसायटी आत की बाहेर. म्हणून अधिकृत तलचिन्हाशी (उंची नक्की ठाऊक असलेल्या सरकारी खुणेशी) जुळवून घेतल्याशिवाय उंचीचा एकही आकडा कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नका.

संच हातात आल्यावर

कार्ड आलं की पहिलं काम नोंदवहीत. संच क्रमांक, तारीख, पहिल्या आणि शेवटच्या फोटोची वेळ, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, कॅमेरा, उंची, कोणी उडवला, ढग होते का, कोणी आणून दिलं. ही वही कागदाची आणि शिवलेली असावी असा माझा आग्रह आहे. सुट्या पानांवर विश्वास ठेवता येत नाही. मूळ फोटोंची एक प्रत कायमची कुलूपबंद, तिला कोणी हात लावायचा नाही. काम दुसऱ्या प्रतीवर. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते.

वाचनाचे टप्पे कसे करावेत, हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या मेडमेनहॅमच्या केंद्रानं घालून दिलं आणि आजही त्याला पर्याय नाही. पहिला टप्पा विमान उतरल्यावर काही तासांत, तातडीच्या गोष्टींसाठी. दुसरा चोवीस तासांत, त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंची एकत्र तुलना. तिसरा सावकाश, विषयातल्या जाणकारांकडून.

आपल्याकडे ते असं बसतं. समजा खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय. २५ जुलै २०२४ ला सुमारे ३५ हजार क्युसेक सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं होतं. अशा दिवशी पाऊस उघडल्याबरोबर उड्डाण झालं, तर सुटे फोटो थेट पडद्यावर घ्या; जोडचित्राची वाट पाहू नका. पाणी कुठवर आहे, कुठला रस्ता तुटलाय, गच्चीवर माणसं आहेत का, एवढंच दोन तासांत आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा. दुसऱ्या दिवशी जोडचित्र तयार करून पाण्याची कड आखा आणि मेमधल्या संचावर ठेवून पाहा. तिसऱ्या टप्प्यात, पाणी ओसरल्यावर, काठ कुठे खचला आणि कोणत्या भरावामुळे प्रवाह वळला हे शोधा. तिन्ही टप्पे एकाच माणसानं एकाच बैठकीत करायला घेतले की पहिला उशिरा होतो आणि तिसरा उथळ.

पुराच्या फोटोवर वेळ आणि त्या क्षणाचा विसर्ग लिहिलेला असायलाच हवा. भिडे पूल पाण्याखाली गेला की पुण्याला पूर कळतो. तसेच नदीवरचे पूल, घाटांच्या पायऱ्या, नदीपात्रातला रस्ता यांची उंची आधीच मोजून ठेवा, म्हणजे पाणी कुठल्या पायरीला लागलंय त्यावरून पातळी सांगता येते.

वाचन

सगळ्या कामाचा गाभा हा. फोटोत आठ गोष्टी पाहायच्या: आकार, आकारमान, सावली, छटा, पोत, मांडणी, जागा आणि सोबत काय आहे. यांतली एकच गोष्ट पाहून नाव दिलं तर फसगत होते. तीन-चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर नाव द्यावं.

मुठेच्या पात्रातला राडारोडा घ्या. करडी-पांढरी छटा, पण कोरडी वाळूही तशीच दिसते. पोत खडबडीत; तसा दगडगोट्यांचाही असतो. मग मांडणी पाहा. डंपरमधून ओतलेले ढीग साधारण एकाच आकाराचे असतात आणि ओळीनं पडतात. नदी स्वतः असं काही ठेवत नाही. जागा पाहा: रस्त्याच्या टोकाला, भिंतीच्या खिंडाराजवळ. सोबत पाहा: दुहेरी चाकांच्या खुणा येताना खोल आणि वळून जाताना उथळ. आता राडारोडा म्हणायला हरकत नाही. ढीग सपाट केलेले असतील तर जुन्या संचाशी उंची वजा करून पाहा. डोळ्याला मैदान दिसतं, आकडा दीड मीटर भराव सांगतो.

जलपर्णीनं नवख्यांची नेहमी परीक्षा घेतली आहे. वरून ती हिरवळीसारखी दिसते. पण हिरवळीची कड दोन दिवसांनी तीच असते, जलपर्णीची वाऱ्यानं आणि प्रवाहानं सरकते. खांब किंवा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ती दाटते, खालच्या अंगाला विरळ. ओला काळा कातळ आणि दाट सावली यांचाही घोळ होतो. तिथे सावली कोणत्या वस्तूची हे सापडलंच पाहिजे. सावलीला धनी नसेल तर तो कातळ किंवा पाणी.

दरडीच्या उतारांचं वाचन सर्वांत जबाबदारीचं. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. अशा उतारांवर मेच्या अखेरीला, गवत जळून जमीन उघडी असताना वाचन करावं. जून उलटला की हिरवळीखाली भेगा झाकल्या जातात. उताराच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी भेग, तिच्या खाली किंचित बसलेली जमीन, तिरपी झालेली झाडं, अचानक ओलसर दिसणारा पट्टा, आणि वरच्या अंगाला नव्यानं सपाट केलेली भातखाचरं (पडकई), किंवा रस्त्याची कापणी. यातलं एखादं सुटं दिसलं तर नोंद. दोन-तीन एकत्र, आणि खाली वस्ती, असं दिसलं तर तो अहवाल तिसऱ्या टप्प्याची वाट पाहत ठेवायचा नाही. त्याच दिवशी भूवैज्ञानिकाला आणि तहसील कार्यालयाला कळवायचं. उतार धोकादायक आहे की नाही हा निवाडा आपला नाही. ‘जाऊन पाहा’ हे वेळेवर सांगणं आपलं.

एक साधी पण फार उपयोगाची सूचना. नकाशाच्या सवयीनं आपण उत्तर वर ठेवतो. वर्षाचा बहुतेक काळ पुण्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे अशा फोटोत सावल्या वरच्या बाजूला पडतात. आपला मेंदू उजेड वरून येतो असं गृहीत धरतो आणि खाण टेकडीसारखी, टेकडी खाणीसारखी दिसू लागते. फोटो फिरवा, सावली आपल्याकडे येऊ द्या, उठाव लगेच सरळ होतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, तेव्हा उलटा हिशेब.

जोडचित्रावर कधीही संपूर्ण भिस्त ठेवू नका. सॉफ्टवेअर फोटो शिवताना गाड्या, माणसं, वाहतं पाणी अर्धवट खाऊन टाकतं आणि भिंती वाकवतं. शंका आली की मूळ सुट्या फोटोंकडे परत जा, आणि शेजारच्या दोन फोटोंची जोडी लाल-निळ्या चष्म्यातून किंवा स्टिरिओस्कोपखाली (जोडीतली खोली दाखवणाऱ्या भिंगांखाली) पाहा. आच्छादन एवढं ठेवतो ते मुळात यासाठीच, जमिनीवरचा प्रत्येक बिंदू निदान दोन ठिकाणांहून दिसावा म्हणून. आपोआप वस्तू ओळखणारी साधनं आता आहेत. त्यांनी ‘इथे पाहा’ म्हटलं तर जरूर पाहा. नाव मात्र माणसानंच द्यावं आणि त्याखाली माणसाचीच सही असावी.

आता दोन वाचकांचं कारण. दुसऱ्यानं पहिल्याची टिपणं न पाहता तोच संच वाचायचा. मग दोघांनी समोरासमोर बसून जुळवायचं. जिथे पटत नाही तिथे वरिष्ठानं निकाल देण्याची घाई करू नये. त्या जागा ए-थ्री कागदावर छापा, गाडी काढा आणि प्रत्यक्ष जाऊन पाहा. पहिल्या वर्षी आठवड्यातला एक दिवस या फेऱ्यांसाठी राखून ठेवा. डोळा तयार होतो तो तिथे.

अहवालाची भाषा

दिसलेलं आणि तर्कानं काढलेलं एका वाक्यात मिसळू नका. आमच्याकडे तीनच शब्द चालतात. ‘दिसतं’ म्हणजे दोन्ही वाचकांनी पाहिलं. ‘बहुधा’ म्हणजे खुणा जुळतात पण प्रत्यक्ष पडताळणी नाही. ‘शक्य आहे’ म्हणजे एखादीच खूण. ‘अंदाजे’, ‘काहीसं’, ‘असावं असं वाटतं’ यांना बंदी. नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून ठरवायचा, आणि तसं अहवालात एकदा लिहूनच द्यायचं. नमुना असा: ‘उजव्या काठाला पुलाच्या खालच्या अंगाला राडारोड्याचे नऊ ढीग दिसतात. मागच्या संचात ते नव्हते. ते पुलाकडच्या कच्च्या रस्त्यानं आणले गेले, बहुधा.’ कोणी टाकले, हे फोटोत दिसत नाही, म्हणून अहवालात येत नाही. गिऱ्हाइकानं आग्रह धरला तरी नाही. लोकांच्या गच्च्या, अंगणं, चेहरे कामाचे नसतील तिथे धूसर करून द्या. घरावर वरून नजर टाकायला आपल्याला कोणी परवानगी दिलेली नसते.

ओळखसंग्रह

क्युबातली क्षेपणास्त्रं ओळखता आली, कारण वाचकांकडे तुलनेला मॉस्कोच्या संचलनातले फोटो आणि त्या शस्त्रांच्या माहितीपुस्तिका होत्या. मेडमेनहॅमच्या वाचक कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना पेनेम्युंडे या जर्मन चाचणी केंद्राच्या फोटोत एक मिलिमीटरहून लहान दिसणारं व्ही-१ हे वैमानिकाविना उडणारं बॉम्बविमान सापडलं, त्यामागे विमानांचे आकार वर्षानुवर्षं मोजत राहण्याचा अभ्यास होता. तुमचा असा संग्रह पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. जागेवर जाऊन खात्री केलेली प्रत्येक वस्तू: वरून कशी दिसते, खालून कशी दिसते, कोणत्या महिन्यात, किती वाजता, किती उंचीवरून. नवा आणि गंजलेला पत्रा, वीटभट्टी, शेततळं, उसाची लागण आणि खोडवा, निळं प्लास्टिक टाकलेलं छत, कोरडा आणि वाहता ओढा. एकच वस्तू मे, ऑगस्ट आणि डिसेंबर अशा तीन रूपांत असेल तर उत्तम.

याच्या जोडीला दोन-तीन जागा स्वतःच्या खर्चानं निवडा, गिऱ्हाईक असो वा नसो. मुठेचा एखादा टप्पा, एखादी टेकडी, एखादी खाण. तिथे दर मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पाऊस संपल्यावर, त्याच मार्गानं, त्याच उंचीवरून, त्याच वेळेला उड्डाण करून घ्या. पूर आला की सगळे आदल्या वर्षीचे फोटो शोधत येतात आणि ते सहसा कोणाकडे नसतात. प्रत्येक संचाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत नदीच्या दुसऱ्या काठावरच्या एखाद्या घरात. दर सहा महिन्यांनी ती डिस्क जोडून चार फायली उघडून पाहा, आणि पाहिल्याची तारीख नोंदवहीत सहीनिशी लिहा.